गुळाचा रंग आणि मधाची परीक्षा

संक्रांत आठ दिवसांवर आली, की घरातून कोणाला तरी गूळ आणायला पिटाळले जाते. बहुधा ते काम तुमच्याकडेच येते. दुकानात दोन ढेपा शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एक पिवळीधमक, पाहताच हात पुढे व्हावा अशी. दुसरी काळपट तपकिरी, जरा मऊ, कडेला किंचित पाघळलेली. दुकानदार विचारतो, "कोणता देऊ?" आणि आपण विचार न करता पिवळ्या ढेपेकडे बोट दाखवतो.

हे बोट कोणत्या ढेपेकडे वळावे, याचा रसायनशास्त्राशी फार जवळचा संबंध आहे. इतकेच नव्हे, तर तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांची बोटे वर्षानुवर्षे पिवळ्या ढेपेकडे वळत राहिली, म्हणून गुऱ्हाळातल्या काहिलीत एक पांढरी पूड पडू लागली. ती कशी, हे समजण्यासाठी आधी गुऱ्हाळावर जाऊन येऊ.

कोल्हापूरच्या बाजूला दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू होतात. चरकातून निघालेला उसाचा रस मोठ्या काहिलीत ओततात आणि खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडे जाळतात. रस तापू लागला, की त्यात रानभेंडीच्या ताटाचा चीक घालतात. हा बुळबुळीत चीक रसातील बारीक गाळ आणि प्रथिने यांना धरून वर आणतो. वर आलेला फेस म्हणजे मळी; ती झाऱ्याने काढून टाकतात. रसात थोडी आम्ले असतात. ती तशीच राहिली तर गूळ नीट बसत नाही, म्हणून बेताने चुन्याची निवळी घालतात. तुमच्या पुस्तकातील उदासिनीकरणाची अभिक्रिया ती हीच. पुढे रस आटत जातो, घट्ट होतो, त्याचा उत्कलनबिंदू वाढत जातो. १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवला तर काकवी मिळते. ११८ अंशांच्या सुमारास उतरवला तर गूळ. गुऱ्हाळातला गुळव्या मात्र तापमापक वापरीत नाही. तो चिमूटभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत त्याची गोळी वळते का ते पाहतो आणि ओरडतो, "उतरा!" मग तो पाक वाफ्यात ओतून हलवत निववतात आणि साच्यात भरून ढेपा पाडतात.

आता रंगाचे पाहू. रस इतका वेळ उकळला तर तो तपकिरी होणारच. त्यातील शर्करेचा काही भाग उष्णतेने करपतो. काही भागाची रसातील अमिनो आम्लांशी अभिक्रिया होऊन तपकिरी रंगद्रव्ये तयार होतात. भाकरीला खरपूस रंग येतो तो याच दुसऱ्या अभिक्रियेमुळे. शिवाय उसाची जात, जमीन, पाणी यांचाही परिणाम असतो. खारपड जमिनीतील उसाचा गूळ काळपट होतो. म्हणजे गुळाला तपकिरी रंग असणे हा दोष नसून त्याच्या जन्माची खूण आहे.

पांढरी पूड

पण बाजारात पिवळ्या गुळाला भाव जास्त. त्यासाठी काहिलीत एक पांढरी पूड टाकण्याची युक्ती निघाली. तिला गुऱ्हाळात 'हायड्रॉस' म्हणतात. हे सोडियम हायड्रोसल्फाइट नावाचे संयुग असून ते जोरदार क्षपणक आहे. तपकिरी रंगद्रव्यांचे क्षपण झाले, की त्यांचा रंग नाहीसा होतो आणि गूळ सोन्यासारखा पिवळा दिसू लागतो. कापड गिरण्यांत रंग काढून टाकण्यासाठी हेच संयुग वापरतात.

यात गंमत अशी, की ही रंगसफेदी टिकत नाही. हवेतील ऑक्सिजनमुळे त्या द्रव्यांचे हळूहळू पुन्हा ऑक्सिडीकरण होते आणि गूळ परत काळवंडू लागतो. म्हणजे पैसे मोजले पिवळ्या रंगाचे, आणि डब्याच्या तळाशी मात्र तपकिरीच गूळ उरला!

ही पूड विषारी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. तिच्यापासून सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि त्याचा अंश गुळात मागे राहतो. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार एक किलो गुळात ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फर डायऑक्साइड असता कामा नये. या मर्यादेत असलेला गूळ खाल्ल्याने बहुतेकांना काही होत नाही. परंतु दम्याच्या काही रोग्यांना सल्फाइटांचा त्रास होतो, धाप लागते. आणि काहिलीत मूठभर पूड टाकणारा माणूस मिलिग्रॅम मोजत बसत नाही, ही खरी अडचण आहे. माझे मत विचाराल तर घाबरून गूळ सोडण्याचे कारण नाही. पण जी पूड न घालता गूळ उत्तम होतो, तिच्यासाठी आपण जादा पैसे का द्यावेत, हे मला कळत नाही.

गुळव्याला विचारा, तो म्हणेल, "काळा गूळ लिलावात पडून राहतो हो." व्यापाऱ्याला विचारा, तो गिऱ्हाइकाकडे बोट दाखवील. आणि गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मी.

येथे एक सावधगिरीची सूचना. काळा गूळ म्हणजे हमखास चांगला गूळ, असेही समजू नका. मळी नीट न काढलेला, करपलेला गूळही काळाच असतो. 'बिनरसायनाचा' म्हणून दुप्पट भावाने विकला जाणारा गूळ कोणी रंग घालून काळा केला नसेल कशावरून? साखर स्वस्त आणि गूळ महाग असतो, तेव्हा रसात साखर मिसळण्याचे प्रकारही होतात. तेव्हा चव पाहावी. चांगल्या गुळाला उसाचा वास असतो; तो खारट लागत नाही, करपट लागत नाही. धुण्याचा सोडा किंवा खडूची पूड मिसळली आहे अशी शंका असल्यास शाळेच्या प्रयोगशाळेत गुळाच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकून पाहा. जोराने फसफसून बुडबुडे आले तर शंका खरी. या चाचणीने हायड्रॉस मात्र ओळखता येत नाही.

काकूंचा गूळ

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका काकूंना मधुमेह निघाला. काकू मोठ्या निश्चयी. त्यांनी त्याच दिवशी साखरेचा डबा मोलकरणीला देऊन टाकला. चहा गुळाचा, शिरा गुळाचा, सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात दोन चमचे मध. तीन महिन्यांनी रक्ततपासणी झाली, तर साखर पूर्वीपेक्षा वाढलेली. पायाला झालेली एक लहानशी जखम दोन महिने भरत नव्हती, तिचेही कारण तेव्हा कळले. काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अहो, साखरेचा कणसुद्धा तोंडात घातला नाही मी!"

काकू खोटे बोलत नव्हत्या. त्यांची चूक एका रेणूच्या बाबतीत झाली होती.

साखर म्हणजे सुक्रोज. सुक्रोजचा प्रत्येक रेणू हा ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक, असे दोन लहान रेणू हातात हात घालून उभे असावेत तसा असतो. आपण साखर खाल्ली, की लहान आतड्याच्या भित्तिकेतील सुक्रेज नावाचे विकर हे हात सोडवते आणि दोन्ही शर्करा रक्तात शिरतात. आता गूळ पाहा. तो ६५ ते ८५ टक्के सुक्रोजच आहे. त्याखेरीज १० ते १५ टक्के ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे असतात, कारण उकळताना रसातील आम्लाने काही सुक्रोजचे रेणू आधीच फोडलेले असतात. मध तर बहुतांशी सुटे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच. फुलांतील मकरंदाचे सुक्रोज फोडण्याचे काम मधमाश्यांनी करून ठेवलेले असते. खडीसाखर म्हणजे सुक्रोजचेच मोठे स्फटिक. खांडसरी, तपकिरी साखर, काकवी ही सारी त्याच घराण्यातील मंडळी आहेत. आतड्यातील विकराला 'हा गुळातील रेणू, हा साखरेतील' असा भेद करता येत नाही.

हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. बेनेडिक्टचे द्रावण बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत असते. ते सुट्या ग्लुकोज-फ्रुक्टोजबरोबर गरम केले असता निळ्याचे हिरवे, पिवळे आणि शेवटी विटकरी लाल होते. अखंड सुक्रोजबरोबर मात्र निळेच राहते. चार परीक्षानळ्या घ्या. पहिलीत साखरेचे, दुसरीत गुळाचे, तिसरीत मधाचे पातळ द्रावण घ्या. चौथीत साखरेचेच द्रावण घ्या, परंतु त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून ते पाच मिनिटे गरम पाण्यात धरा आणि नंतर फसफसणे थांबेपर्यंत चिमटीचिमटीने खाण्याचा सोडा घालून आम्ल मारून टाका. आता चारही नळ्यांत बेनेडिक्टचे द्रावण घालून त्या उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रात उभ्या करा. (नळी थेट ज्योतीवर धरू नका, आणि हे काम शिक्षकांच्या देखत करा.) पहिली नळी निळी राहील. बाकीच्या तिन्हींचा रंग पालटेल. चौथ्या नळीत जे घडले तेच, आम्लाऐवजी विकराच्या साहाय्याने, तुमच्या आतड्यात रोज घडते. कोणी म्हणेल, आम्ल म्हणून लिंबू पिळले तर? या प्रयोगात नको. लिंबातील क जीवनसत्त्वही बेनेडिक्टच्या द्रावणाचे क्षपण करते आणि आपला निष्कर्ष चुकतो. स्वयंपाकघरात मात्र आजी पाकात लिंबू पिळते ती याच अभिक्रियेसाठी. थोडे सुक्रोज फुटले, की पाकाचे स्फटिक होत नाहीत.

उष्मांकांचा हिशेबही करून टाकू. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात साधारण ३५० ते ३८०, मधात सुमारे ३२०. मधात पाणी असते म्हणून आकडा कमी. पण आपण मध वजनाने कुठे खातो? चमच्याने खातो. चहाच्या सपाट चमच्यात साखर सुमारे ४ ग्रॅम मावते, म्हणजे १६ कॅलरी. मध जड असल्याने त्याच चमच्यात ७ ग्रॅम बसतो, म्हणजे २२ कॅलरी. काकूंचे दोन चमचे मध म्हणजे जवळजवळ तीन चमचे साखर होती.

"पण गुळात लोह असते ना?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. असते. आहाराच्या तक्त्यांत १०० ग्रॅम गुळाला ३ ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास आकडे सापडतात. काहील लोखंडी असेल तर थोडे लोह तिच्यातूनही उतरते. आता तुमच्या वर्गातील १३ ते १५ वर्षांच्या मुलीची रोजची गरज पाहा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे ती ३० मिलिग्रॅम आहे. ती गरज गुळातून भागवायची तर रोज किमान ६०० ग्रॅम गूळ खावा लागेल! दोन चमचे गुळातून मिळणारे लोह अर्धा मिलिग्रॅमही भरत नाही. बाजरीच्या पिठात मात्र १०० ग्रॅमला ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. त्यातले सगळेच शरीरात शोषले जात नाही हे खरे, पण गूळ-भाकरीच्या जोडीत लोहाचे श्रेय भाकरीचे अधिक आहे. भाकरीबरोबर पालेभाजी असली आणि वर लिंबू पिळले तर शोषण सुधारते. येथे लिंबू अगदी हवेच.

म्हणजे गूळ खाऊ नये काय? अवश्य खावा, चवीसाठी. पुरणपोळीतला गूळ आणि साखर यांतला फरक जिभेला कळतो आणि तो खरा आहे. फक्त औषध म्हणून खाऊ नये, आणि मधुमेह असणाऱ्याने साखरेऐवजी चालतो म्हणून तर मुळीच खाऊ नये.

मध खरा कसा ओळखावा?

मधाच्या परीक्षेविषयी घरोघरी निरनिराळे तोडगे ऐकू येतात. पाण्याच्या पेल्यात थेंब टाकला आणि तो न विरघळता तळाशी गेला तर मध खरा. काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवली आणि पेटली तर खरा. मुंगी लागली नाही तर खरा. कागदावर ओल पसरली नाही तर खरा. यांपैकी एकही चाचणी विश्वासाची नाही. थेंब तळाशी जातो तो दाटपणामुळे, आणि कागद भिजत नाही तो पाणी कमी असल्यामुळे. साखरेचा घट्ट पाक याही परीक्षांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. उलट थंडीत मध गोठून रवाळ झाला, की लोक 'साखर घातली' म्हणून तो फेकून देतात. बिचाऱ्या मधातील ग्लुकोजचे स्फटिक झालेले असतात, एवढेच! बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात.

बेनेडिक्टचे द्रावणही येथे उपयोगी नाही. कारण साखर आम्लाने फोडून तयार केलेला पाक मधाप्रमाणेच लाल रंग देतो. भेसळ करणाऱ्यांना एवढे रसायनशास्त्र फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मग शास्त्रज्ञांनी काय केले? त्यांनी कार्बनच्या अणूंकडे चौकशी केली.

निसर्गातील कार्बनचे जवळजवळ ९९ टक्के अणू १२ वस्तुमानांकाचे असतात आणि सुमारे १.१ टक्का १३ वस्तुमानांकाचे. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनवतात, तेव्हा त्या जड कार्बन-१३ जरा कमी प्रमाणात उचलतात. पण सगळ्या वनस्पती सारख्याच नाहीत. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी आहे. त्यांच्या शर्करेत कार्बन-१३ तुलनेने जास्त येतो. मधमाश्या ज्या झाडांच्या फुलांवर जातात त्यांपैकी बहुतेक दुसऱ्या गटातील. महाबळेश्वरच्या जांभळाचा मध घ्या, की सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा. त्यात उसाचा किंवा मक्याचा पाक मिसळला, की कार्बन-१३चे प्रमाण वाढते आणि वस्तुमान वर्णपटमापक ती चोरी पकडतो. भारतात २०१८ सालच्या मानकांनी अशा पाकाची मर्यादा ७ टक्के ठरवली.

झाले, भेसळ थांबली असे तुम्हाला वाटेल. पण तांदूळ आणि बीट या वनस्पती कोणत्या गटातील? फुलझाडांच्याच! तांदळाच्या पिठापासून केलेला पाक कार्बनच्या परीक्षेतून सहीसलामत सुटतो. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील १३ ब्रँडचे मध तपासून घेतले. नेहमीच्या चाचण्यांत बरेचसे उत्तीर्ण झाले, परंतु जर्मनीतील प्रयोगशाळेत केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या परीक्षेत बहुतेक नापास झाले. कंपन्यांनी हा निष्कर्ष मानला नाही आणि मोठा वाद झाला. शास्त्रज्ञ नवीन कुलूप बनवतात आणि कोणीतरी नवीन किल्ली, असा हा खेळ चालू आहे.

या सगळ्यात तुमच्यासारख्याने काय करावे? घरगुती चाचण्यांवर विसंबू नये. फार स्वस्त मध दिसला तर तो एवढा स्वस्त कसा, असा प्रश्न स्वतःला विचारावा. शक्य असेल तेव्हा मधपाळाकडून किंवा त्यांच्या सहकारी संस्थेकडून घ्यावा. सातारा जिल्ह्यातील मांघर हे गाव तर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले आहे. आणि घरात एक वर्षाच्या आतील बाळ असेल, तर कितीही शुद्ध मध असला तरी त्याला चाटवू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. बाळाला मध चाटवण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. घरी आजीला नीट समजावून सांगा, वाद घालू नका.

'नैसर्गिक' या शब्दाविषयी

धोतरा नैसर्गिक आहे. नागाचे विषही नैसर्गिक आहे. तेव्हा वेष्टनावर हा शब्द दिसला म्हणून लगेच खूष होण्याचे कारण नाही. आपल्याकडील २०१८ सालच्या नियमांप्रमाणे जो एकच पदार्थ असून ज्यात काहीही मिसळलेले नाही आणि खाण्याजोगा करण्यापलीकडे ज्यावर प्रक्रिया केलेली नाही, त्यालाच 'नैसर्गिक' म्हणता येते. बिस्किटाला ते म्हणता येणार नाही.

रसवंतीगृहातील घुंगरांचा आवाज ऐकला, की माझी पावले आपोआप तिकडे वळतात. उसाचा ताजा रस खरोखरीच नैसर्गिक. पण २५० मिलिलीटरच्या पेल्यात सुमारे ३५ ग्रॅम शर्करा असते. बाटलीतील थंड पेयावरचा तक्ता वाचा. १०० मिलिलीटरला साधारण साडेदहा ग्रॅम असा आकडा दिसेल, म्हणजे ३०० मिलिलीटरच्या बाटलीत साडेएकतीस ग्रॅम, जवळजवळ आठ चमचे. शर्करेच्या बाबतीत दोघेही सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी अशा वरून आलेल्या शर्करेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, आणि ५ टक्क्यांच्या आत आला तर अधिक बरे. रोज २००० कॅलरी खाणाऱ्याला १० टक्के म्हणजे २०० कॅलरी, अर्थात ५० ग्रॅम. ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. या शर्करेत मध, गूळ आणि फळांचा गाळलेला रस हे सर्व मोजतात. अख्खे संत्रे मात्र मोजत नाहीत. ते चावून खाण्यास वेळ लागतो, त्यात चोथा असतो आणि पाच संत्री एका दमात कोणी खात नाही. रस मात्र पाच संत्र्यांचा घटाघट पितो.

वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, हा नियम लक्षात ठेवलात तर पुष्कळ उलगडा होतो. समजा, पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'गुळाचे बिस्किट' लिहिले आहे आणि मागे बारीक अक्षरात 'मैदा, साखर, खाद्य तेल, गूळ (२ टक्के)' असा क्रम आहे. बिस्किट कशाचे, ते तुम्हीच ठरवा. साखर कधी कधी वेषांतर करून येते: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फळांचा आटवलेला रस. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा नाही. परंतु माल्टोडेक्स्ट्रिन हा पिठूळ पदार्थ शर्करेच्या आकड्यात येत नाही आणि पोटात गेल्यावर मात्र झटपट ग्लुकोज होतो. म्हणून शर्करेबरोबर एकूण कर्बोदकांचाही आकडा वाचावा. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावण्यास सांगितले. तुमची शाळा कोणत्याही मंडळाची असो, वर्गातील डब्यांतून निघालेली वेष्टने गोळा करून असा फलक एका दुपारी करता येईल.

राहता राहिली कृत्रिम गोडी. १८७९ साली अमेरिकेत इरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे कॉन्स्टंटिन फालबर्ग संध्याकाळी जेवायला बसले, तर पाव विलक्षण गोड लागला. हात नीट न धुता ते जेवायला बसले होते! बोटांना लागलेला पदार्थ म्हणजे सॅकरीन, साखरेच्या तीनशे-चारशे पट गोड. (प्रयोगशाळेत असे वागू नये, प्रत्येकाला सॅकरीन सापडत नाही.) १९७० च्या दशकात सॅकरीनमुळे उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग होतो असे आढळले आणि जगभर घबराट झाली. पुढे कळले, की नर उंदरांच्या मूत्रातील विशिष्ट परिस्थितीमुळे ते घडते, माणसाला लागू नाही. वेष्टनावर ही मंडळी क्रमांकांनी ओळखावी: ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रॅलोज, ९६० म्हणजे स्टीव्हियाच्या पानांतील गोड द्रव्य. स्टीव्हिया हे पॅराग्वे देशातील झुडूप. तेथील ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची पाने पेयात घालत आले आहेत. २०२३ साली ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले गेले, पण पुरावा तोकडा असल्याने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम हीच कायम राहिली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने, वजन कमी ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, अशी शिफारस केली. मधुमेह असणाऱ्यांना ती लागू केलेली नाही. काकूंनी आता डॉक्टरांना विचारून चहात एक बारीक गोळी टाकायला सुरुवात केली आहे. तुम्हा निरोगी मुलांना तिची गरज नाही. चहातील साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. महिन्याभरात जुना चहा तुम्हालाच पाकासारखा लागेल.

शेवटी एक प्रयोग, फार सोपा, पण संयमाचा. दुकानातून पिवळाधमक आणि तपकिरी अशा दोन्ही गुळांचे सुपारीएवढे खडे आणा. प्रत्येकाचे दोन भाग करा. एकेक भाग घट्ट झाकणाच्या बरणीत तोंडापर्यंत दाबून भरा, दुसरा कागदावर उघडा ठेवा. मुंग्यांसाठी ताटलीभोवती पाणी ठेवायला विसरू नका. पहिल्या दिवशी रंगपेटीतील रंगांशी ताडून वहीत नोंद करा आणि नंतर दर रविवारी एकदा. कोणता खडा किती आणि किती दिवसांत काळवंडला, झाकलेल्या आणि उघड्या खड्यांत काय फरक पडला, हे दोन महिन्यांनी वर्गात वाचून दाखवा. ती वही घेऊन गूळ आणायला गेलात, तर दुकानदारालाही ती पाहायला आवडेल.